गाणे टाकू नका, गाणाऱ्यालाही टाकू नका
(वर्षावासातील एका सायंकाळी नवदीक्षित कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आपणांपैकी पुष्कळ कुटुंबांनी अगदी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे. गेले तीन दिवस मी आपल्या वस्तीत घरोघर जाऊन आलो. जुने देव्हारे रिकामे झाले आहेत आणि त्या जागी तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आलेली आहे. हे पाहून मला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येणार नाही. परंतु या फेरीत एक प्रश्न मला चार घरांत चार वेळा विचारण्यात आला. "वडिलांचे टाळ माळ्यावर आहेत, मुलगा ढोलकी वाजवतो; आता आम्ही बौद्ध झालो, तेव्हा हे चालते की नाही?" एका माउलीने तर मुलाची हलगी चुलीत घातली. "ती गुलामीची निशाणी होती, म्हणून जाळली," असे त्या मला म्हणाल्या. त्यांचा संताप मला कळतो. तरीपण त्या मुलाचा उतरलेला चेहरा मी विसरू शकलो नाही.

या प्रश्नाचे उत्तर मी एका वाक्यात देऊ शकलो असतो. पण तसे न करता मी आपणांस माझ्या पोरवयातील एक हकिकत सांगणार आहे. ती सांगण्यास मला अभिमान वाटतो आणि लाजही वाटते. दोन्हींचे कारण आपणांस पुढे कळेल.

माझा जन्म नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातील एका खेड्यात झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. पुढल्याच वर्षी आमच्या वस्तीने दीक्षा घेतली. वस्तीतील देव नदीत गेले. माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, ते पूर्वी भजनी मंडळात होते. त्या मंडळाचा एक पखवाज आणि सात जोड टाळ आमच्या माळ्यावर पडून राहिले. पखवाजाचे कातडे उंदरांनी खाल्ले. टाळ मात्र पितळेचे. ते काळे पडले, पण शाबूत राहिले.

त्या गावात आमच्या वाडवडिलांकडे आणखी एक वाद्य होते, ते म्हणजे डफडे. गावच्या देवीची पालखी निघाली की पुढे डफडे बडवायचे, हे आमच्या वस्तीवर लादलेले काम होते. कोठे हे काम महारांकडे होते, कोठे मांगांकडे, कोठे आणखी कोणाकडे. पण वाजविणारा नेहमी गावकुसाबाहेरचाच. त्याने पालखीपुढे दिवसभर वाजवावे आणि पालखी देवळात शिरली की बाहेर उन्हात उभे राहावे. मोबदला म्हणजे भाकरतुकडा, आणि तोही वरून टाकलेला. दीक्षेनंतर आमच्या वस्तीने हे काम सोडले. १ ऑगस्ट १९५९ पासून महार वतने कायद्यानेच नष्ट झाली. गाव काही वर्षे धुसफुसले आणि मग तालुक्याहून वाजंत्री आणू लागले.

आता १९७२ सालाकडे येऊ. त्या वर्षी पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरवली. आपल्या घरांतील वृद्धांना तो दुष्काळ आठवत असेल. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरे कवडीमोलाने गेली, आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. आम्ही चार मित्र चौदा ते सोळा वर्षांचे होतो. शाळा सुटली की आणि सुटीच्या दिवशी सबंध वेळ आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असू. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्या मिलोची भाकरी थापता थापता मोडे आणि घशाखाली उतरत नसे. मजुरी दिवसाला अडीच रुपयांच्या आसपास.

अशा दिवसांत पोरांना गाणे सुचावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण खडी फोडणाऱ्या पन्नास हातोड्या जेव्हा एकत्र पडू लागतात, तेव्हा त्यांतून ठेका आपोआप निघतो. आमच्यापैकी एकजण त्या ठेक्यावर रिकाम्या डालड्याच्या डब्यावर बोटे मारी. काम करणाऱ्या बाया हसत, आणि हसता हसता जात्यावरच्या ओव्यांची चाल धरीत. आम्ही त्या चालीवर बाबासाहेबांवरचे शब्द बसवू लागलो. आमच्या गायनपार्टीचा जन्म असा खडीच्या ढिगाऱ्यावर झाला.

आम्ही आबांकडे ते टाळ मागितले. वस्तीत त्यावरून मोठा वाद झाला. काही वडीलधारे म्हणाले, "ज्या टाळांवर जुन्या देवांचे भजन झाले, ते बाबासाहेबांच्या फोटोपुढे वाजवायचे नाहीत." आबांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "पितळेला धर्म नसतो. पण हे टाळ गळ्यात अडकवून आम्ही देवळाच्या बाहेर उभे राहत होतो, आत नव्हे, एवढे पोरांनो विसरू नका. ते ध्यानात ठेवून वाजवा." आम्ही टाळ राखेने आणि चिंचेने घासले. ते सोन्यासारखे झळकले.

आबांनी तरुणपणी नाशिककडे आंबेडकरी जलसे ऐकले होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगाव फिरून त्या काळी जे केले, ते आबा आम्हांस रात्री समजावून सांगत. तमाशात आरंभी गणपतीचा गण असतो, मग गवळण, मग बतावणी, मग वग. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतील जलशांनी हा साचा घेतला आणि त्यातील आशय पालटला. आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. गणपतीच्या जागी माणसाला वंदन आले. गवळणीच्या थट्टेच्या जागी शाळा, दारूबंदी, मेलेल्या जनावराचे मांस सोडणे, पाण्याचा हक्क हे विषय आले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याला चवदार तळ्याचा संगर जलशाने कळविला. आपल्या तालुक्यातीलच देशवंडीचे वामनदादा कर्डक यांचेही उदाहरण आबा देत. वामनदादा मोठेपणी मुंबईत लिहावाचावयास शिकले आणि पुढे त्यांची गाणी साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. "अक्षर उशिरा आले म्हणून गाणे थांबत नाही, आणि गाणे आले म्हणून अक्षर सोडायचे नाही," असे आबा म्हणत.

आम्हांस ढोलकी हवी होती. तिची किंमत पस्तीस रुपये. चौघांनी मजुरीतून पैसे बाजूला काढले, वस्तीतील चाळीस घरांनी चार-चार, आठ-आठ आणे दिले, आणि सिन्नरच्या बाजारातून आम्ही ढोलकी आणली. ती अर्थातच आमच्या डबा वाजविणाऱ्या मित्राच्या मांडीवर गेली. त्याच्या हातांत काय होते, ते मी कसे सांगू? तो कोणाकडे शिकला नव्हता. ढोलकी उतरली की तो दोरीतील कड्या एकेक सरकवून तिला चढवी. मी एकदा घाईने कडी ओढू लागलो, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "हाताने ओढू नकोस, कानाने ओढ. जास्ती ताणलीस तर कातडे फाटेल." ही गोष्ट ध्यानात ठेवा; मला तिच्याकडे परत यायचे आहे.

१४ एप्रिल १९७३ रोजी, जयंतीच्या रात्री, आमचा पहिला कार्यक्रम झाला. दोन कंदील, एक चौरंग, चाळीस घरांची माणसे. दिवसभर खडी फोडून आलेली ती माणसे मध्यरात्रीपर्यंत उठली नाहीत. माझी आई, जिला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते, ती शेवटच्या गाण्याला उभी राहून टाळ्या वाजवीत होती. ज्या हातांनी गावासाठी वाजविले, ते हात त्या रात्री स्वतःसाठी वाजवीत होते. माझ्या आयुष्यातील सर्वांत आनंदाची रात्र कोणती, असे मला विचारले तर मी तीच सांगेन.

जयंतीनंतर तीनच दिवसांनी चैत्र पौर्णिमा होती. त्या दिवशी गावची जत्रा भरे. दुष्काळामुळे गावाची वर्गणी जमली नव्हती आणि तालुक्याहून वाजंत्री आणावयास पैसे नव्हते. आमच्या ढोलकीचा आवाज रात्री गावात पोहोचलाच होता. दुसऱ्या दिवशी गावातील चारजण वस्तीच्या तोंडाशी येऊन आबांना म्हणाले, "पोरं झ्याक वाजवत्यात तुमची. मग देवीपुढं का नाही वाजवायचं? हात तर तेच हायेत." आबा शांतपणे म्हणाले, "हात तेच आहेत. पण आता ते आमचे आहेत."

त्याच संध्याकाळपासून वस्तीवर बहिष्कार पडला. पिठाची गिरणी आम्हांस बंद. दुकान बंद. पाण्याच्या टँकरपाशी आमची भांडी शेवटी. घरोघरच्या बाया तो चिवट मिलो जात्यावर भरडू लागल्या. वस्ती डगमगली नाही. परंतु आमच्या ढोलकीवाल्या मित्राचे घर इतरांपेक्षा वेगळ्या कात्रीत होते. त्याचे वडील गावातील एका बड्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. त्यांनी तीनशे रुपयांची उचल घेतलेली होती आणि ते तापाने अंथरुणावर होते. त्यांना निरोप आला की, उद्या पालखीपुढे डफडे वाजले पाहिजे, नाहीतर उचल रोख परत करा आणि घराबाहेर पडा, कारण ज्या जागेवर झोपडी आहे तीही मालकाची.

माझा मित्र गेला आणि वाजवून आला. सोळा वर्षांच्या त्या मुलाने तळपत्या उन्हात पालखीपुढे दिवसभर डफडे वाजविले. आम्ही तिघे वस्तीच्या बांधावर उभे राहून तो आवाज ऐकत होतो. त्यातला ठेका आमच्या ओळखीचा होता, आणि म्हणूनच आमचे रक्त अधिक तापले.

बंधुभगिनींनो, आता माझ्या लाजेची गोष्ट. त्या रात्री आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो आणि ढोलकी उचलून आणली. तो काही बोलला नाही. पुढला महिनाभर आम्ही त्याच्याशी शब्द बोललो नाही. वैशाख पौर्णिमा जवळ आली, बुद्धजयंतीच्या गाण्यांची तयारी सुरू झाली. एका संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला आणि बाहेरच उभा राहून म्हणाला, "मी येऊ का वाजवायला?" मी त्याला उत्तर दिले. ते उत्तर माझेच होते, इतर दोघांचे नव्हे. मी म्हणालो, "तुझ्या हातांना विटाळ झालाय."

तो गेला. आबा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी मला जवळ बोलाविले. मला वाटले, ते मारतील. ते फक्त एवढेच म्हणाले, "दीक्षा घेतली त्या दिवशी हा शब्द आपण नदीत सोडला होता. आज या घरात तो पुन्हा ऐकला. तो तुझ्या तोंडून ऐकला." मग थोड्या वेळाने त्यांनी मला एक हिशेब विचारला. "तीनशे रुपये चाळीस घरांत वाटले तर घरटी किती?" मी सांगितले, साडेसात रुपये. "म्हणजे किती दिवसांची मजुरी?" तीन दिवसांची. "ढोलकीसाठी आपण वर्गणी काढली," आबा म्हणाले, "त्या पोराच्या बापाची उचल फेडायला का नाही काढली? चूक तुमची तिघांची नाही. माझीही आहे. मी नाही म्हणून मोकळा झालो. पण त्या नकाराची किंमत कोणाच्या घराला भरावी लागेल, ते मी पाहिले नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो पहाटेच्या गाडीने मुंबईला निघून गेला होता. त्या वर्षीची बुद्धजयंती ढोलकीवाचून झाली. आमची गायनपार्टी पुढे वर्षभरात मोडली.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. वाद्य वाजविणे, गाणे म्हणणे हे बौद्ध उपासकाला चालते काय? चालते. पंचशीलात गाण्याला मनाई नाही. उपोसथाच्या दिवशी जे उपासक आठ शीले ग्रहण करतात, ते त्या दिवसापुरते नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याचे व्रत घेतात. त्यांनी ते अवश्य पाळावे. भिक्खूंनी धम्मवचनांचे पठण गाण्यासारखे ताना घेऊन करू नये, असेही तथागतांनी सांगितले आहे, कारण तशाने म्हणणारा स्वतःच्याच आवाजाच्या मोहात पडतो. गृहस्थाने यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, गाणे मिरविण्यासाठी नसावे. याउलट दीघनिकायात पंचशिखाच्या वीणावादनाची कथा आहे. तेथे तारांचा नाद आणि गळ्याचा स्वर एकमेकांत मिसळले आहेत, असे भगवंतांनीच प्रशंसेने म्हटलेले आहे. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात हाती व्हायोलिन घेतले होते. तेव्हा माळ्यावरचे टाळ खाली काढा, घासा, आणि मुलांच्या हाती द्या. हलगी जाळू नका. हलगीने कोणाला गुलाम केले नाही. गुलामी सक्तीत होती.

ती सक्ती मात्र कदापि सोसू नका. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला वेठीस धरणे हा गुन्हा ठरविला. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक अथवा आर्थिक बहिष्कार टाकणे व त्याची धमकी देणे हेही गुन्ह्यांत घातले. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश केंद्राने १९९० साली अनुसूचित जातींत केला, त्यामुळे दीक्षा घेतली म्हणून हे संरक्षण जात नाही. शिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ पासून अंमलात आहे. आमच्या वेळी आम्हांस कायद्याचे एक कलमही ठाऊक नव्हते. आपण ही कलमे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि प्रसंग आला तर तक्रार लेखी द्या व तिची प्रत जवळ ठेवा.

परंतु कायदा येईपर्यंत मधले चार दिवस असतात, आणि गरिबाचे घर त्या चार दिवसांतच मोडते. म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे की, नकार देण्याआधी वस्तीत बसा आणि विचारा: आपल्यापैकी कोणाच्या डोक्यावर उचल आहे? कोणाची झोपडी मालकाच्या जागेत आहे? कोणाच्या घरात आजारपण आहे? त्यांच्यासाठी घरटी वर्गणी आधी काढा. आणि एवढे करूनही कोणी वाकला, तर त्याला अपराधी ठरवू नका. तो आपलाच आहे.

सोण नावाच्या भिक्खूची कथा आपणांपैकी काहींनी ऐकली असेल. तो गृहस्थाश्रमात वीणा वाजवीत असे. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने इतका कठोर प्रयत्न आरंभिला की, चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले की, तुझ्या वीणेच्या तारा फार ताणलेल्या असत तेव्हा ती सुरात वाजे काय? आणि फार सैल असत तेव्हा? दोन्ही वेळा नाही, असे सोणाने सांगितले. नवा धम्म घेतलेल्या माणसाच्या अंगी फार मोठा आवेश असतो. तो असावाच. सैल तारेचे गाणे होत नाही. परंतु आम्ही तिघांनी आमची तार इतकी ताणली की, ती दुसऱ्याच्या गळ्याला लागली.

माझा मित्र मला पुन्हा भेटला तो १९९० च्या सुमारास, मुंबईत, एका बालकाच्या नामकरणाच्या समारंभात. तो गिरणीत होता. १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि त्यानंतर तो हमाली करीत होता. मी त्याला बाजूला नेऊन सतरा वर्षे मनात ठेवलेले शब्द बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू लहान होतास. मीही लहान होतो." मी म्हणालो, "आज वाजव." तो म्हणाला, "आता नाही वाजवत रे." पण गायला बसलेल्या पोरांची ढोलकी उतरलेली होती. ती त्याला ऐकवेना. तो उठला, त्याने ती मांडीवर घेतली, एकेक कडी सरकवून चढविली, बोटाने एकदा नाद पाहिला, आणि ज्याची होती त्या पोराच्या हाती परत दिली.

आज येथे समोर बसलेल्या मुलांमध्ये तशी बोटे कोणाची असतील, ते आपणांस अद्याप ठाऊक नाही. मुलींच्या गळ्यांकडेही लक्ष द्या. आमच्या पार्टीत आम्ही एकाही बहिणीला घेतले नाही, हीदेखील आमची चूकच होती. येत्या धम्मचक्रप्रवर्तनदिनी आपल्या विहारात मुलामुलींचे गाणे होऊ द्या. आणि ज्या माउलींनी हलगी जाळली, त्यांना माझे सांगणे आहे की, नवी हलगी घेण्यासाठी पहिली वर्गणी माझी घ्यावी.

जय भीम.